जमीन रिकामी दाखवायचा दिवस

मुलांनो,

तुमच्या शेतीच्या तुकड्याचा फोटो मी भिंग धरून पाहिला. चार वाफे, मधून चालायला वाट, कडेला नंबराची पाटी. टोमॅटो छान आले आहेत. मुळा फार दाट पेरला आहे, तो विरळ करा, नाहीतर नुसती पानंच वाढतील. सोबत तुमच्या शहराच्या नगरपालिकेशी केलेला दोन पानी करारही तुम्ही पाठवलात, कारण आजीला कागदपत्रं नीट लागतात हे तुम्हाला ठाऊक आहे. खाली थोरलीने लिहिलं आहे, ‘आजी, स्वतःची जमीन नसताना शहरात शेती करणारे आपल्या घरातले आम्ही पहिलेच.’

पहिले नाही. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, वसईत आमच्या इमारतीच्या मागे सात वर्षं अशी शेती करत होत्या. त्यांच्याकडे करार नव्हता. करार नव्हता तोवर ती शेती चालली, आणि मी कागद केला तेव्हा ती बंद पडली. तुमच्या आईलाही मी हे पूर्ण सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मालकाला जमीन विकायची होती म्हणून आमच्याकडून ती गेली. आम्ही सगळ्यांना तसंच सांगितलं होतं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास तुमच्या आजोबांनी वसईतच उमेळे गावाच्या बाजूला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. मी तिथून जवळच्या इंग्रजी शाळेत शिकवायला लागले. तीन मजल्यांची आमची इमारत भाताच्या शेतात एकटी उभी होती. लोक तिला नुसतं ‘बिल्डिंग’ म्हणत, कारण दुसरी नव्हती. मागच्या बाजूला दहा गुंठ्यांचा पडीक पट्टा होता. त्याच्यापलीकडे एक ओहोळ, आणि ओहोळापलीकडे त्या पट्ट्याच्या मालकांची वाडी. केळी, अबोली, जास्वंद, आणि दिवसभर पंपाचा आवाज. ते मालक ख्रिस्ती गृहस्थ होते, पन्नाशीचे, सायकलच्या मागे फुलांच्या टोपल्या बांधून स्टेशनवर जाणारे. सगळे त्यांना वाडीवाले भाऊ म्हणत.

सासरे वारले आणि सासूबाई खाडीकाठचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. सगळा जन्म त्यांनी भात लावला होता, भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल पेरला होता, पण जमीन कायम दुसऱ्याची. ब्लॉकमध्ये आल्यावर त्यांना करायला काही उरलं नाही. पहाटे उठून त्या फरशी पुसायच्या. मी शाळेतून परत आले की फरशी पुन्हा ओली असायची. जेवण कमी झालं. बोलणं तर आधीच कमी होतं. महिनाभर मी त्यांना मागच्या गॅलरीचा गज धरून उभ्या पाहत होते, आणि एक दिवस त्यांनी विचारलं,

“ही जमीन कोनाची? उपाशी ठेवलीय.”

मी म्हटलं, “आई, ती विकतील कधीतरी. इथे सगळीकडे इमारती होणार आहेत.”

“होतील तवा होतील. आता पावसाला दीड महिना हाय.”

दुसऱ्या दिवशी त्या लुगडं बदलून निघाल्या. एकट्या कशा जातील म्हणून मीही गेले. भाऊ वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होते. सासूबाईंनी सरळ विचारलं, जसं कुणी वाटी मागतं. भाऊंनी विळा खाली ठेवला आणि त्यांच्याऐवजी माझ्याकडे पाहिलं.

“टीचर, तुम्ही शिकलेल्या. कूळकायदा तुम्हाला ठाऊक असेल.”

तुम्हाला ठाऊक नसणार, म्हणून थोडक्यात सांगते. दुसऱ्याची जमीन जो स्वतः कसतो, त्याला त्या जमिनीवर हक्क, असा तो कायदा. चांगला कायदा होता. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या पुष्कळांना त्याने जमीन दिली. पण ज्यांच्याकडे दोन-चारच तुकडे होते, ते मालक इतके घाबरले की दुसऱ्याला नांगर लावू देण्याऐवजी जमीन पडीक ठेवू लागले. भाऊंच्या वडिलांचं भातशेत असंच कुळाच्या नावावर गेलं होतं.

“ज्याला गेलं तो वाईट मानूस नव्हता,” भाऊ म्हणाले. “कसत होता, कायद्याने त्याचं झालं. पण माझा बाप पुन्हा त्या बांधावरून चालला नाही. चर्चच्या देवळात जायचं तर लांबून वळसा घालून जायचा.”

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, “मना जमीन नको, भाव. मना काम पायजे.”

भाऊंनी विळा पुन्हा उचलला. मग त्यांनी अटी सांगितल्या. झाड लावायचं नाही. खांब पुरायचा नाही. खड्डा, विहीर काही खणायचं नाही. पैसे घेणार नाही, भाजीचा वाटाही घेणार नाही, कारण वाटा घेतला की तो खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, झाला. कागद करायचा नाही. आणि दर वर्षी वैशाखात जमीन पूर्ण रिकामी करून दाखवायची. ते येऊन चालून बघणार. तिथे ते वर्ष संपलं. पुढचं करायचं तर नव्याने विचारायचं.

“विचारीन,” सासूबाई म्हणाल्या. मला आठवतं, त्यांनी एकही अट परत विचारली नाही.

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी भेंडी, काकडी, पडवळ आणि लाल माठ केला. हिवाळ्यात वाल, मुळा आणि वांगी. आता तुम्ही विचाराल, विहीर नाही तर हिवाळ्यात पाणी कुठून? इमारतीच्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी मागच्या बाजूला एका पाइपातून उघड्यावर पडायचं आणि तिथे चिखल व्हायचा. सासूबाईंनी खुरप्याने त्याला चर काढून दिला. चराला त्या खड्डा म्हणत नसत, ‘वाट’ म्हणत. अटीत खड्डा होता, वाट नव्हती. त्या पाण्यावर अर्धा पट्टा भिजायचा. उरलेल्याला त्या कळशीने घालायच्या. घराघरांतून भाजीची सालं, चुलीची राख आणि मासळी धुतलेलं पाणी गोळा करायच्या. वेलांना मासळीच्या पाण्यासारखं दुसरं खत नाही, असं त्यांचं मत होतं.

तळमजल्यावर एक शाकाहारी बाई राहायच्या. त्यांच्या खिडकीखालूनच हे पाणी जायचं. एके सकाळी त्या खिडकीतून ओरडल्या, “आजी, ये क्या डालते हो? सगळ्या घरात मच्छीचा वास!”

“मासळीचा नाय, बाय, तो दुधीचा वास. पंधरा दिस थांब.”

पंधरा दिवसांनी सासूबाई पदराखाली दुधी घेऊन त्यांच्या दारात. बाईंनी दुधी हातात घेतला, उलटसुलट पाहिला. “इसमें मच्छी तो नहीं ना?”

“होती. त्यानं खाल्ली. आता तू त्याला खा.”

बाईंना हसू आवरेना. त्या दिवसापासून त्यांच्या घरची सालंही यायला लागली. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त कारकून संध्याकाळी बांधावर खुर्ची टाकून बसू लागले. त्यांना वाटायचं, ते देखरेख करतात. सासूबाई त्यांना ‘मुकादम’ म्हणायच्या. माझ्या शाळेवरून मला त्या चिडवायच्या. “आमची मास्तरीन बाय आली. पोरांना एबीसी, नि घरात पीठ संपलंय.” त्या जेवायला लागल्या होत्या. ओली फरशी मला पुन्हा दिसली नाही.

अटी त्यांनी किती पाळल्या, हे एका गोष्टीवरून सांगते. पडवळाला मांडव लागतो. खांब पुरायचा नाही म्हणून त्या वाळक्या काठ्या नुसत्या तिकाटण्यासारख्या, तीन-तीन, एकमेकींना बांधून उभ्या करायच्या. तिसऱ्या वर्षी काठ्या कमी पडल्या, तेव्हा ओहोळाकाठच्या पांगाऱ्याच्या दोन फांद्या तोडून आणल्या. पांगाऱ्याची ओली फांदी जमिनीला टेकली की मूळ धरते. पंधरा दिवसांत एकीला डोळे फुटले, इवली हिरवी पानं आली. मला ती फार आवडली. मी म्हटलं, “आई, राहू दे ना. मांडवाला कायमचा आधार होईल.”

त्यांनी ती फांदी उपटली. खाली पांढरी केसासारखी मुळं लोंबत होती. ती त्यांनी मला दाखवली.

“हे बघ. भावाला हे दिसलं तर झोप नाय येनार त्याला.”

फांदी त्यांनी ओहोळापलीकडे, भाऊंच्या हद्दीत नेऊन खोचली. ती तिथे मोठी झाली. नंतर पुष्कळ वर्षं मी ती बघत होते.

आणि तो वैशाखातला दिवस. भाऊ रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर यायचे. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. बांधावर बूट काढून ठेवायचे आणि अनवाणी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचे. पट्ट्यावर तेव्हा काडीसुद्धा नसायची. सासूबाईंनी ढेकळं फोडून, काटक्या वेचून तो अंगणासारखा केलेला असायचा. डोक्यावर पदर घेऊन त्या बांधावर उभ्या राहायच्या. भाऊ चालून परत यायचे.

“झालं, मावशी.”

“झालं, भाव.”

मग थोडा वेळ दोघं उगाच वाडीकडे बघत उभे राहायचे, म्हणजे मधे काही काळ गेल्यासारखं व्हावं. मग सासूबाई विचारायच्या, “भाव, यंदा करू का?”

“करा.”

सासूबाई दर वर्षी त्यांच्यासाठी काहीतरी राखून ठेवायच्या. वालाची डाळ, वाळवलेल्या मिरच्या, एकदा नुसती मूठभर मेथी. भाऊ दर वर्षी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, शिक्षा झालेल्या मुलासारखे. “नको मावशी. घेतलं की वाटा झाला.” वर्षभरात कधी त्या बाजूने गेले आणि सासूबाईंनी एखादं वांगं पुढे केलं, तरी तेच. हात पाठीमागे.

आता मी माझ्याकडे येते.

मला तो दिवस आवडत नसे. मी गॅलरीतून बघायची आणि मला शरम वाटायची. सत्तरीला आलेली बाई डोक्यावर पदर घेऊन दर वर्षी नव्याने विचारते, आणि दुसरा माणूस ‘करा’ म्हणतो. मला वाटायचं, हे भीक मागणं आहे. मी कॉलेजात शिकले होते. माझ्या घरात दुधवाल्याचं कार्डसुद्धा फायलीत असायचं. ज्या गोष्टीला कागद नाही ती गोष्ट अर्धवट, असं मला मनापासून वाटत होतं, आणि कागद झाला की माणसाचा मान राहतो, असंही.

सातव्या वर्षी दिवाळीनंतर टेप घेऊन तीन माणसं आली. त्यांनी पट्टा मोजला, कोपऱ्यांत चुन्याच्या खुणा केल्या आणि गेली. सासूबाई वालाला माती लावत होत्या. मी खाली धावत गेले.

“कोण होते?”

“मोजनारे.”

“आई, विकणार असतील!”

“मोजू दे. मोजल्यानं जमीन कमी नाय होत.”

मला मात्र चैन पडेना. पट्टा गेला तर या बाईचं काय होईल, हे मला त्या ओल्या फरशीवरून चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, “आपण भाऊंकडून काहीतरी लिहून घेऊ. निदान हातातलं पीक निघेपर्यंत तरी.”

“कागद नको.”

“आई, नुसतं एक पत्र...”

“मास्तरीन बाय, तुझा कागद शाळेत ठेव.”

त्या एवढ्या कडक कधी बोलत नसत. मला वाटलं, लिहितावाचता न येणाऱ्या माणसाची ही कागदाची भीती आहे. असं वाटलं हे मी आज लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

शाळेच्या ऑफिसात इंग्रजी टाइपरायटर होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पत्र टाइप केलं, कार्बन घालून तीन प्रती. मी ते भाऊंच्या हिताचं केलं होतं, असं मला वाटत होतं. त्यात मी लिहिलं की आम्ही आपल्या परवानगीने सात वर्षं सलग या जमिनीत भाजीपाला करत आहोत. आम्ही तिच्यावर कसलाही हक्क सांगत नाही, पुढेही सांगणार नाही. आपण सांगाल तेव्हा सोडू, फक्त उभं पीक काढायला मुदत मिळावी. खाली त्यांच्या सहीसाठी जागा. त्यांची भीती जावी आणि आमचं पीक वाचावं, दोन्ही एकाच पानात.

मी वाडीत गेले तेव्हा भाऊ घरी नव्हते. त्यांचा मोठा मुलगा ओट्यावर पेपर वाचत होता. तो मुंबईला एका ऑफिसात होता, चांगला सभ्य तरुण. मी पत्राच्या दोन प्रती त्याच्या हातात दिल्या. त्याने उभ्याउभ्याच वाचलं, एकदा वर बघितलं, पुन्हा वाचलं.

“हे तुम्ही लिहिलंत, टीचर?”

“हो. डॅडींची सही घेऊन ठेवा, मी येऊन नेईन.”

“थँक यू, टीचर.”

मी फार समाधानात परत आले. वाटेत बेकरीतून गरम पाव घेतले.

आठ दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळी, भाऊ फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. शाळेत ते कधी येत नसत. त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं, दोन्ही प्रती, चार घड्या केलेल्या.

“टीचर, हे तुमच्याकडे ठेवा. मी बघितलं नाही असं समजा.”

“पण भाऊ, त्यात मी तुमच्याच...”

“मुलाने मला वाचून दाखवलं. तुमच्या मनात काय होतं ते मला कळतं. पण त्याने वकिलाला दाखवलं. वकील म्हणतो, सात वर्षं सलग कसतात हे त्यांनीच लिहून दिलं. हक्क नाही म्हणतात, ते आज म्हणतात. उद्या त्यांचा मुलगा म्हणेल, आईने म्हटलं होतं, मी नाही.” त्यांनी सायकलची घंटा उगाचच पुसली. “ती मोजणी नुसती किंमत काढायला होती. एवढ्यात काही होणार नव्हतं. मी अजून चार वर्षं ढकलली असती. मावशी आहे तोवर ढकलली असती.”

मी विचारलं, “आता?”

“नाताळाच्या आधी रिकामी करायला पाहिजे. मुलगा ऐकत नाही.”

“मी आईंना सांगते.”

“मी सांगितलं,” भाऊ म्हणाले. “तिकडूनच आलो.”

“पत्राचं सांगितलंत?”

ते सायकलवर बसले. “मुलगा विकतो म्हणालो.”

मी घरी आले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी तिथेच दारात उभी राहून सगळं सांगितलं. निदान तेवढं मी केलं. त्या निवडत राहिल्या. सुपातला एक खडा काढून त्यांनी फरशीवर ठेवला.

“वाल अजून पंधरा दिस पायजे होता,” एवढंच त्या म्हणाल्या.

काढणीला आम्ही दोघी होतो. मी शाळेतून रजा घेतली. वालाच्या वेलांना वरच्या शेंड्यांवर पांढरी फुलं होती आणि खाली शेंगा नुकत्या भरू लागल्या होत्या. पाच-सहा मुठीच धड दाणा निघाला असता. बाकी सगळ्या चपट्या. वांगी अंड्याएवढी. मुळा मात्र तयार होता. मुकादमांनी त्या दिवशी खुर्ची आणली नाही. ते वाकून काटक्या वेचत होते. तळमजल्यावरच्या बाई खिडकीत आल्या आणि लगेच आत गेल्या.

सासूबाई वेल उपटताना मुळांची माती झटकून परत खाली टाकायच्या. ती माती त्यांची नव्हती. दुपारी आम्ही बांधावर पाणी प्यायला बसलो, तेव्हा त्यांनी मला न विचारता सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“तुझा सासरा कूळ होता. खाडीवर. चौदा वरसं त्या शेटचं भात केलं. मग तो कायदा आला. कचेरीत बोलावलं. सायबानं विचारलं, तू कूळ का मजूर? शेट बाजूला खुर्चीवर बसलेला. आमच्या लग्नाला तांदूळ त्यानं दिलेला. हा काय बोलनार त्याच्या तोंडावर? म्हनाला, मजूर. सायबानं लिवलं. झालं.”

मी लोटा त्यांच्यापुढे सरकवला.

“घरी आला नि जेवला नाय. मी म्हटलं, असू दे, शब्द तर राखला.” त्यांनी लोट्यातलं उरलेलं पाणी मेथीच्या वाफ्यावर ओतलं, आणि मग आठवलं असावं, की तिथे आता मेथी नाही. “ती जमीन तो बोलला नाय म्हनून गेली. ही आपन बोललो म्हनून गेली.”

‘आपन’ म्हणाल्या. ‘तू’ म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी पट्टा वैशाखातल्यासारखा सपाट झाला. आम्ही कुणी बोलावलं नव्हतं, तरी भाऊ आले. रोजच्या मळक्या कपड्यांत, अनवाणीच. ते जमिनीवर चालले नाहीत. बांधावरच उभे राहिले.

“झालं, मावशी?”

“झालं, भाव.”

पुढचं विचारायचं नव्हतं. थोड्या वेळाने भाऊ म्हणाले, “मावशी, थोडा वाल द्या.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टोपलीतून बऱ्या शेंगा निवडू लागल्या. भाऊंनी दोन्ही हात पुढे केले, ओंजळ केली. देवळात प्रसाद घेताना करतात तशी. ओंजळ भरली, शेंगा खाली पडू लागल्या, तरी त्या घालत राहिल्या. भाऊंनी हात मागे घेतले नाहीत.

नाताळानंतर पट्ट्याला तारेचं कुंपण झालं. आणि आता ऐका, मला सगळ्यात जड जातं ते: जमीन तेव्हा विकली गेलीच नाही. भाऊंच्या घरात भावांभावांत वाटणीचा वाद लागला आणि ती आठ वर्षं नुसती पडून राहिली. गवत, मग टाकळा, मग घाणेरीची झुडपं. मोरीचं पाणी पुन्हा भिंतीपाशी साचून चिखल करू लागलं. इमारत तिथे उभी राहिली तेव्हा तुमची आई कॉलेजात होती आणि सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. कुंपण झाल्यावर त्यांनी दुसरा पावसाळा पाहिला नाही. आजार असा काही नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय. मी शाळेतून घरी येऊन फरशीकडे बघायची. ती कोरडी असायची. तेवढंसुद्धा करायची इच्छा त्यांना उरली नव्हती.

तीन प्रती माझ्याकडे आहेत. दोन भाऊंनी परत दिलेल्या, एक माझ्या फायलीतली. मी त्या फाडल्या नाहीत. आमच्या घरात मी कागद फाडत नाही.

तुमचा करार चांगला आहे. मी दोनदा वाचला. तिथे त्याची गरज आहे आणि तो जपून ठेवा. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या आधी कोण होतं, ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच.

अजून एक राहिलं. जमीन गेल्यानंतरचा वैशाख. रविवारची सकाळ होती. चर्चची घंटा झाल्यावर सासूबाई उठल्या, धुतलेलं लुगडं नेसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि खाली गेल्या. मला वाटलं, पाय मोकळे करायला. मी गॅलरीत आले तेव्हा त्या कुंपणाच्या तारेपाशी, आपल्या नेहमीच्या जागी उभ्या होत्या. आत कुठेकुठे वाळलेलं गवत. मिस्सा सुटली आणि भाऊ त्या रस्त्याने आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. त्यांना बघून थांबले. सायकलवरून उतरले. सासूबाईंनी त्यांना काहीतरी विचारलं. वरून मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तो प्रश्न मी सात वर्षं पाहिलेला होता. भाऊंनी सायकल कुंपणाला टेकवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मान खाली घालून ते तसेच उभे राहिले. काही बोलले नाहीत. मग सायकल घेऊन गेले.

सासूबाई जिना चढून आल्या. प्रत्येक पायरीवर थांबत. मी दार उघडलं.

“भाऊ भेटले?” मी विचारलं.

“भेटला.” त्यांनी चपला भिंतीशी नीट लावल्या. “करा म्हनाला.”

मी दार लोटलं.

“मीच नको म्हटलं,” त्या म्हणाल्या. “गुडघं दुखतात आता. चाय ठेव.”